मुखी आणि सुखी

कराडच्या बसस्थानकासमोरच्या मोठ्या हॉटेलात त्या वर्षी एकेका टेबलावर दोन ताटं मांडत. एक भरलेलं, एक रिकामं. भरलेल्या ताटावरचा माणूस मुकाट्यानं जेवत असे. रिकाम्या ताटावरचा डोळे मिटून बसे, मान डोलावे आणि मधूनच म्हणे, "वा! आता जरा लोणचं घ्या की." मग पहिला लोणचं घेई आणि जीभ टाळूला लावून मिटकी मारे तो दुसरा.

जेवणाऱ्याला लोक मुखी म्हणत आणि चव घेणाऱ्याला सुखी. सरकारी कागदांत त्यांना लांबलचक नावं होती, पण ती कुणाच्या तोंडी बसली नाहीत.

या सगळ्याचं मूळ पोटाच्या शस्त्रक्रियेत होतं. दात भरून घ्यावा तितक्या सहज लोक आता पोट लहान करून घेत. डॉक्टर पोटाचा मोठा भाग काढून टाकत आणि केळ्याएवढी नळी मागं ठेवत. वजन उतरे, रक्तातली साखर उतरे, गुडघे हलके होत. माणूस पुन्हा जिना चढू लागे. पंचाईत होई ती सणाला. केळ्याएवढ्या पोटात मोजके घास मावत. गोड जरा जास्त झालं की ते घाईघाईनं आतड्यात उतरे, छाती धडधडे, दरदरून घाम फुटे आणि पाटावरच्या माणसाला उचलून अंथरुणावर निजवावं लागे. दिवाळी यायची, लग्नं व्हायची, आणि अर्धी पंगत वाटीत बोट बुडवून उठायची.

रणजित घोरपडे त्यातलाच एक. ओगलेवाडीच्या रस्त्याला त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. तरुणपणी तो तालमीत घुमलेला गडी. पुढं कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. चाळिशी ओलांडली तेव्हा त्याला ट्रॅक्टरखाली शिरता येईना, आणि शिरला तर निघता येईना. शेवटी त्यानं शस्त्रक्रिया करून घेतली. अंग निम्मं झालं. लोक म्हणाले, रणजितराव, तरुण झाला की! तो हसे. भुकेचं त्याला दुःख नव्हतं, कारण शस्त्रक्रियेनं भूकही बरीचशी कापून नेली होती. त्याला दुःख होतं ते पंगतीचं. ताट समोर येण्याचं, वाढपी वाकण्याचं, "नको, नको" म्हणत ताटावर आडवा हात धरण्याचं आणि बोटांच्या फटीतून जिलेबी पडली की मनातून खूश होण्याचं.

मागच्या धोंड्याच्या महिन्यात तर फारच वाईट झालं होतं. अधिक महिना तिसऱ्या वर्षी येतो. त्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, त्याला वाण द्यायचं, तो तृप्त होऊन उठला की घराचं भलं होतं, अशी रीत. मसूरच्या त्याच्या सासूबाई, छायाबाई, त्या जेवणाची वाट महिनाभर आधीपासून बघत. त्या खेपेला रणजितनं त्यांचं मन मोडवेना म्हणून दीड धोंडा खाल्ला आणि माजघरात आडवा झाला. छायाबाईंनी आपलं ताट झाकून ठेवलं ते दुसऱ्या दिवसापर्यंत उघडलंच नाही. "जावई माझ्या घरात आजारी पडला आणि मी कशी गिळू?" एवढंच त्या म्हणाल्या.

आता मात्र एकाची चव दुसऱ्याला पोचवणारा रसदूत आला होता, आणि यंदा धोंड्याच्या तोंडावरच तो घरात वापरायची परवानगीही मिळाली होती. ही बातमी ऐकली तशी रणजितनं हातातला पाना टाकला आणि ग्रीसच्या हातानंच बायकोला फोन लावला. "धनश्री, धोंडे! आईला सांग, धोंडे!"

रसदूत बनवणाऱ्या गटात डॉक्टर यास्मिन मुल्ला होत्या. मूळच्या कराडच्या, बोलायला मोकळ्या. पुढच्या सोमवारी रणजित, धनश्री आणि छायाबाई असे तिघं त्यांच्यासमोर बसले. डॉक्टरांनी तळहातावर दोन चकत्या ठेवल्या. डाळीच्या दाण्याएवढ्या.

"हाच रसदूत?" छायाबाई वाकून बघत म्हणाल्या. "मला वाटलं, मिक्सरएवढा तरी असंल."

"एक मुखीच्या कानामागं बसतो, एक सुखीच्या," डॉक्टर म्हणाल्या. "आपण जेवतो तेव्हा चव जिभेवर राहत नाही, मावशी. जिभेपासून, नाकापासून नसा निघतात आणि त्या मेंदूला निरोप देतात. गोड आहे, खमंग आहे, तूप आहे. तो निरोप पोचला की आपण म्हणतो, चव लागली. रसदूत मुखीचा निरोप ऐकतो आणि तसाच्या तसा सुखीच्या मेंदूला सांगतो."

"म्हणजे खायाचं त्यांनी आणि गोड लागायचं मला," रणजित म्हणाला.

"बरोबर. पण नुसती चव दिली तर सुखी वेडा होईल. चवच चव, शेवट नाही. म्हणून आम्ही आणखी एक निरोप पाठवतो." त्यांनी आपल्या गळ्यापासून पोटापर्यंत बोट फिरवलं. "मेंदूपासून पोटापर्यंत एक लांब नस जाते. वाटेत काळजाला भेटते, फुप्फुसाला भेटते, म्हणून आम्ही तिला भटकी नस म्हणतो. जेवताना ही पोटाच्या खबरा वर नेते. त्यातली एक असते पोट ताणल्याची. ती खबर केळ्याएवढ्या पोटाच्या माणसाला दिली की त्याला ओकारी येते. करून पाहिलं आम्ही. म्हणून ती वाटेतच अडवली. दुसरी गोष्ट तृप्तीची. जेवण झाल्यावर सगळं अंग निवतं ना, ती. ती मेंदूत उमटते. तेवढी आम्ही सुखीला देतो. मुखी तृप्त झाला की सुखीही तृप्त. जेवण संपलं."

"आणि मुखीनं जास्त खाल्लं तर?" धनश्रीनं विचारलं. गॅरेजचा सगळा व्यवहार तीच सांभाळायची, त्यामुळे यंत्रात बिघाड कुठं होतो हे आधी विचारायची तिला सवय होती.

"नाही खात. पोट भरलं की मन भरतं, मन भरलं की हात थांबतो. हॉटेलातले सगळे मुखी आम्ही तपासलेत. एकालाही त्रास नाही. फक्त घरातलं माणूस मुखी म्हणून अजून कुणी बसवलेलं नाही. तुमचं पहिलं. म्हणून जेवणाला मी स्वतः येणार."

"या की! धोंडे खाऊनच जावा," छायाबाई म्हणाल्या.

मग मुखी कोण, यावर वाद झाला. रणजितच्या मनात तालमीतला जुना जोडीदार होता, ज्याच्या पोटाला अजून कुणी हात लावला नव्हता. छायाबाईंनी ऐकूनच घेतलं नाही.

"माझ्या जावयाचं जेवण परक्यानं जेवायचं? आणि मी काय भिंतीला पाठ लावून बघत बसू? मी बसणार."

"आई, धोंड्याच्या दिवशी सासू आधी जेवती का कुठं?" धनश्री हसायला लागली.

"मी कुठं जेवणार? जेवणार हे. मी नुसती चावणार."

डॉक्टर मुल्ला खळखळून हसल्या. तिथंच चाचणी झाली. छायाबाईंनी चमचाभर शिरा तोंडात घातला आणि समोर रणजितनं डोळे मिटले.

"वेलदोडा," मग तो म्हणाला. "तूप जरा जास्तच कढवलंय. मामी, तूप जास्त कढलंय हे मला आजवर कधीच कळलं नव्हतं!"

"मला कळतं की," छायाबाई खूश होऊन म्हणाल्या.

धोंड्याच्या दिवशी मसूरच्या घरात सकाळपासून एकच धांदल होती. छायाबाईंनी पुरण स्वतः वाटलं, जायफळ स्वतः किसलं आणि नंतर नवं लुगडं नेसून पाटावर जाऊन बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या जावयाच्या पंगतीला बसत होत्या, म्हणून लाजत होत्या. समोरच्या पाटावर रणजित. त्याच्या पुढ्यात रिकामं ताट, पण रांगोळी मात्र दोन्ही ताटांभोवती. डॉक्टर मुल्ला खुर्चीत बसून मांडीवरच्या पडद्याकडं बघत होत्या. पडद्यावर छायाबाईंच्या दोन रेघा होत्या, एक पोटाची, एक तृप्तीची. धनश्री वाढायला.

"अहो, तयार का?" आईसमोर धनश्री त्याला अहो म्हणे.

"वाढ गं!"

छायाबाईंनी वाफाळता धोंडा फोडला, त्यावर तुपाची धार घेतली आणि पहिला घास घेतला.

रणजितच्या अंगावर सर्रकन काटा आला. वरचं मऊ आवरण, आतलं गरम पुरण, गूळ, जायफळ, आणि या सगळ्याला कवेत घेणारं तूप. किती दिवसांनी! त्यानं मांडीवर थाप मारली, कुस्तीत मारायचा तशी. "आलं! मामी, आलं! हेच ते!"

"लागलं का गोड?"

"लागलं म्हणजे काय! आता आमटी. कटाची आमटी घ्या. भुरका मारा, लाजू नका!"

छायाबाईंनी भुरका मारला. तिखट, आंबट, वर खोबऱ्याचा वास. रणजितच्या डोळ्यांत पाणी आलं. मग कुरडई मागितली, तिचा कुरकुर आवाजसुद्धा त्याला आपल्या दातांत ऐकू आल्यासारखा वाटला. मग भजी, मग पुन्हा धोंडा. "मामी, मसालेभात! लिंबू पिळून!" तो ओरडत होता, छायाबाई हसत हसत घास घेत होत्या, धनश्री आत-बाहेर पळत होती. डॉक्टर मुल्लांनी पडदा बाजूला ठेवून टाळी वाजवली. हॉटेलातले सुखी मान डोलावत. असा नाचणारा सुखी त्यांनी पाहिला नव्हता.

"जावई, भरलं का?" दुसऱ्या वाढपानंतर छायाबाईंनी विचारलं.

रणजितनं आपल्या आत पाहिलं. चव होती, पुरेपूर होती. ते अंग निवणं मात्र अजून आलं नव्हतं. "नाही अजून, मामी. थोडं राहिलंय."

"मग घेते की. वाढ गं."

धनश्रीनं वाढलं. छायाबाईंनी खाल्लं. पुन्हा त्यांनी विचारलं, "आता भरलं?" आणि रणजितनं खरं ते सांगितलं, "अजून नाही."

असं पुन्हा झालं, आणि मग पुन्हा. घास आता बारीक होत होते. छायाबाईंच्या कपाळावर घाम आला, त्यांनी पदरानं टिपला. एक हात जमिनीवर टेकून त्या तिरक्या बसल्या. रणजितला यातलं काही कळत नव्हतं. त्याच्यापर्यंत पोचत होतं फक्त पुरण, आणि तेही पहिल्या घासाइतकंच गोड.

"आई, बास आता," धनश्री म्हणाली. तिनं पातेलं खाली ठेवलं होतं.

"गप गं. जावई अजून उपाशी आहेत."

डॉक्टर मुल्लांनी पडदा उचलला आणि त्यांचा चेहरा बदलला. पोटाची रेघ वर कडेला जाऊन टेकली होती. तृप्तीची रेघ तळाशी सरळ पडून होती. असं कधी झालं नव्हतं. एक वर गेली की दुसरी मागोमाग जायची.

"मावशी, पोट दुखतंय का?"

"थोडं तटतटलंय. होतं तसं."

"मग मन का भरत नाही तुमचं?"

छायाबाईंना प्रश्नच विचित्र वाटला. "यांचं भरल्याशिवाय माझं कसं भरंल?"

डॉक्टरांनी दोन्ही रेघांवर बोट ठेवलं. मग हळू आवाजात, जणू स्वतःलाच समजावत, बोलू लागल्या. "आमच्या हॉटेलातल्या मुखीचं मन पोटावर चालतं. यांचं चालत नाही. जावई तृप्त झाला की या तृप्त होणार. आणि जावयाला तृप्ती मिळणार ती यांच्याकडूनच. हा यांची वाट बघतोय, या याची. दोन माणसं एका दारात एकमेकांना म्हणतायत, आधी तुम्ही, आधी तुम्ही. आत कुणीच जाणार नाही." त्या उठल्या. "रणजितराव, चकती काढा. लगेच. यांचं पोट फाटेपर्यंत हे थांबणार नाही."

रणजितचा हात कानाकडं गेला.

"हात लावाल तर माझी शपथ आहे," छायाबाई म्हणाल्या. त्यांचा श्वास आखूड झाला होता, पण आवाज पक्का होता. "मागच्या खेपेला आजारी उठलात. ह्या खेपेला उपाशी उठणार? माझ्या घरातनं? डॉक्टरबाई, तुम्ही काढा खुशाल माझी. चकती काढली तरी मी खाणार, ते जेवल्यासारखे दिसंपर्यंत." आणि त्यांनी पुढचा धोंडा फोडला.

रणजित त्यांच्याकडं बघत राहिला. चकती काढली तर ही बाई बिनचकतीची खात बसेल, हे त्याला दिसत होतं. शपथ मोडली तर तीही तिच्या जिवाला लागेल. त्यानं कानावरचा हात काढला. मग दोन्ही हातांनी पोट चोळलं, मान मागं टाकली आणि नसलेल्या जेवणाची एक लांबलचक ढेकर दिली. तालमीत शिकलेली, भिंती हलवणारी.

"अन्नदाता सुखी भव!" तो हात जोडून म्हणाला.

छायाबाईंचा हात ताटावर थांबला. "खरंच?"

"खरंच, मामी. गळ्यापर्यंत आलंय. आता पाणीसुद्धा मावायचं नाही."

"माझ्या गळ्याची शपथ?"

"शपथ," रणजित म्हणाला. ते साफ खोटं होतं.

छायाबाईंचा चेहरा हळूहळू उजळला. त्यांनी हातातला धोंडा ताटात ठेवला, भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून म्हणाल्या, "झालं बाई."

पडद्यावरची खालची रेघ उसळून वर गेली. त्याच क्षणी रणजितच्या पायांच्या बोटांपासून काहीतरी ऊबदार चढत वर आलं, छातीत पसरलं, खांदे सैल झाले. असं भरलेपण त्यानं तालमीच्या दिवसांतही अनुभवलं नव्हतं. कारण हे नुसत्या जेवणाचं नव्हतं. आपण रांधलेलं दुसऱ्याच्या अंगी लागल्याचं होतं, आणि ते त्यानं जन्मात चाखलं नव्हतं. खोटं बोलून क्षण गेला नव्हता तोवर ते खरं झालं. तो तिथंच पाटावर बसून लहान मुलासारखा हसत राहिला.

छायाबाईंना डॉक्टरांनी औषध दिलं, कुशीवर निजवलं. दुसऱ्या दिवशी त्या ठीक होत्या, आणि गल्लीभर सांगत होत्या की जावई तीन वर्षांनी पोटभर जेवले. त्याच आठवड्यात डॉक्टर मुल्लांनी रसदुताच्या नियमांत एक नियम वाढवला. मुखी घरातला असेल तर जेवण संपल्याचं सुखीनं बोलून सांगायचं. मन भरलं नसलं तरी सांगायचं. तेवढ्यानं साधत होतं. घराघरांतून मागणी आली, कारण घरच्या मुखीकडून मिळणारी ती तृप्ती हॉटेलात मिळत नाही, ही बातमी पसरली होती. बहुतेक घरांत मुखी म्हणून आई बसली, नाहीतर सासू, नाहीतर बायको.

"तुम्हाला काळजी नाही वाटत?" धनश्रीनं डॉक्टरांना विचारलं होतं.

"वाटते," त्या म्हणाल्या होत्या. "आधी थांबवणारं पोट होतं. पोट लबाडी करत नाही. आता थांबवणारा एक शब्द आहे, आणि तो ज्याला गोड लागतंय त्याच्या तोंडात आहे."

दिवाळीला छायाबाई लेकीकडं ओगलेवाडीला आल्या. त्यांच्या अंगावर मांस चढलं होतं. मधल्या सणांनाही त्यांनी मुखी म्हणून बसायचा हट्ट धरला होता. जिन्याच्या दोन पायऱ्या चढून त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या, पण पाटावर बसताना तोंडभरून हसल्या. अनारसे होते, चिरोटे होते, बासुंदी होती. रणजितनं चकती लावली. पहिल्या घासालाच तो थाप मारून ओरडला. घरात दिवाळी आली.

बासुंदी दुसऱ्यांदा वाढली गेली. रणजितला आता सगळं माहीत होतं. भरलं, एवढा शब्द म्हटला की अंग निवणार होतं, पण चव तिथंच संपणार होती. पुढची चव थेट पुढच्या सणाला. छायाबाईंच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी एक हात जमिनीवर टेकला होता. दारात धनश्री ओगराळं घेऊन उभी होती आणि त्याच्याकडं बघत होती. तिची नजर त्यानं चुकवली. जिभेवर साय होती, वेलदोडा होता, चारोळी नुकती दाताखाली आली होती.

"भरलं का, जावई?" छायाबाईंनी विचारलं.

शब्द ओठांवर होता. रणजितनं डोळे मिटून घेतले.

"थोडं राहिलंय, मामी," तो म्हणाला.